कळी उमलली की सांगते

फ्रीज बंद पडला आणि घड्याळवालीच्या तोंडचं पाणी पळालं. भर उन्हाळ्यातली दुपार! ती अनवाणीच जिन्याकडे धावली, आणि वरच्या मजल्यावरून हत्यारांची पिशवी घेऊन उतरणाऱ्या माणसावर आदळता आदळता राहिली.

"तुम्ही फ्रीजवाले ना? आधी आत चला!"

"अहो, चपला तरी काढू द्या..."

त्याने फ्रीजचं दार उघडलं आणि बघतच राहिला. काचेच्या दाराचा, कोल्ड्रिंकच्या दुकानातून जुना घेतलेला फ्रीज. पण आत ना दूध, ना भाजी. ओल्या शेवाळात बसवलेली इवली इवली रोपं, पानं नखाएवढी.

"हे काय, कोथिंबीर?"

"ऑर्किड आहेत. थंड डोंगरावरची, बुटकी. या उकाड्यात बघता बघता माना टाकतील हो!"

"मीही टाकीन," घाम पुसत तो म्हणाला, "पण आधी यांचं बघू."

एवढ्या घाईतही तिला हसू फुटलं. फ्रीज पुन्हा घुरघुरू लागला तेव्हा तिने घड्याळं दुरुस्त करायचं आपलं भिंग त्याच्या हातात दिलं आणि तांदळाच्या दाण्याएवढं एक फूल दाखवलं. दाखवायचं म्हणजे जवळ उभं राहणं आलंच. तो वाकला तो वाकलेलाच.

"फूल बघताय की डुलकी लागली?"

"बघतोय... पण काय बघतोय ते विचारू नका."

पुढे फ्रीजला काही धाड भरली नव्हती, तरी हा आपला गॅस तपासायला हजर. आतल्या खोलीतून घड्याळवालीची आई विचारायची, "काय गं, आजारी फ्रीज आहे की फ्रीजवाला?" आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची. आईला जुना दमा. गार वाऱ्याची नुसती झुळूक लागली तरी श्वास अडकायचा. म्हणून त्या घरातली सगळी थंडी काचेआड कोंडलेली होती.

एक दिवस तो आला, पण त्याने पिशवी उघडलीच नाही. डोंगरावरच्या गावी त्याच्या थोरल्या भावाचं शीतगृह होतं. भाऊ अचानक गेला. मागे वहिनी आणि दोन लहान पोरं.

"मला जावं लागेल. कायमचं." तो फ्रीजकडे बघत बोलत होता. "तिकडे तुमची ही रोपं खिडकीत वाढतील. फ्रीज नको, फ्रीजवाला नको."

"फ्रीजवाला नको कसा?" ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

"मग... याल? लग्न करून?"

सगळ्यात धाकट्या रोपाला पहिल्यांदाच कळी धरली होती. कळीवर नजर ठेवून ती म्हणाली, "ही उमलली की सांगते."

"कबूल. तोवर मी हलत नाही."

खरं तर उत्तर तिला तेव्हाच ठाऊक होतं. तिकडचा एक हिवाळाही आईला झेपला नसता. "मला ठेव कुठेतरी नि जा बाई," असं आई म्हणाली, तेव्हा ती आईवर अशी कडाडली की पुन्हा तो विषय निघाला नाही. पण त्याला नाही म्हणायला जीभ रेटेना. मग बाईने काय करावं? फ्रीजच्या तापमानाचा काटा रोज थोडा थोडा खाली आणायला लागली. फार गारठ्यात कळी अडून बसते. आणि कळी अडली, तर तो येत राहणार!

तो यायचा, भिंगातून बघायचा. "फारच लाजरी आहे हो!" त्याच्या खिशात वहिनीचा फोन वाजत राहायचा.

एकदा त्याने रोपावर पाणी फवारायला हात आत घातला आणि तो हात तिथेच थांबला. फ्रीजवाल्याच्या हाताला थर्मामीटर कशाला लागतो?

"काटा कोणी खाली केला?"

"मी."

"कळी उमलू नये म्हणून?"

ती भिंगाशी चाळा करत राहिली. "ती उमलली, की मला 'नाही' म्हणावं लागेल. आईला तिकडची थंडी सोसणार नाही."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं. इतके दिवस का अडवून धरलंत?"

"कारण मला हो म्हणायचंय रे..." 'रे' पहिल्यांदाच आला, तोही रडत.

आत आई खोकली. 'तू थांब,' हे शब्द घड्याळवालीच्या ओठांवर आले होते. पण दोन पोरं तिकडे वाट बघत होती. तिने ते गिळले.

त्याने काटा पहिल्या जागी आणून ठेवला. "हिने काय घोडं मारलंय? उमलू दे हिला."

"मग मला सांगावं लागेल..."

"मी नसेनच तर कुणाला सांगशील? उद्या सकाळी निघतो. तुझ्या तोंडून 'नाही' ऐकलं नाही, एवढं तरी मला घेऊन जाऊ दे."

तो गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळी उमलली. लालसर फूल, त्याला केसासारख्या दोन शेपट्या. तिने डोळ्याला भिंग लावलं, पण काच सारखी ओली होत होती.

"उमलली का गं?" आतून आईने विचारलं.

"उमलली."

"मग? सांगितलंस त्याला?"

ती उघड्या दारातून त्या थंडीत वाकली आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "हो. येते मी."

मग गारवा आईपर्यंत पोचू नये म्हणून तिने दार घट्ट लावून घेतलं.