जेटीवरचा मामा

डाइव्हिंगच्या दोन्ही केंद्रांकडून तिला होकार आला तेव्हा घरात आनंद कमी आणि वादावादीच जास्त झाली. डाइव्हमास्टर व्हायचं, म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली नेऊन धडधाकट वर आणायचं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. पण त्याआधी एखाद्या केंद्रात राबत, शिकत उमेदवारी करावी लागते. शहरातल्या मोठ्या केंद्रात सरावाचा तलाव होता, चकचकीत वर्ग होते, पुढे जहाजावर नोकरी लागायची शक्यता होती. दुसरं केंद्र म्हणजे जेटीच्या टोकाची पत्र्याची शेड. तिथे मामा होता.

"दिवसभर दुसऱ्यांचे मास्क धूत बसशील," आई म्हणाली. "आणि कुणासाठी? माझा भाऊ उरलाय का तिथे?"

आईच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून तर ते लागलं. एके काळी मामा म्हणजे घरातला नुसता धुमाकूळ होता. शीळ घालतच दारातून यायचा, आल्या आल्या भाचीची वेणी ओढायचा, तिला 'बेडकी' म्हणायचा. ती जेमतेम दहा वर्षांची असताना त्यानेच तिला पाण्याखाली नेलं. खाली बोलता येत नाही म्हणून तो बोटातली अंगठी तिच्या पाठीवरच्या सिलिंडरवर वाजवायचा. टक टक, जरा थांबून टक. पाण्यात आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. ती गरगर फिरत त्याला शोधायची आणि हा पठ्ठ्या तिच्या डोक्यावर तरंगत हसत असायचा. हसताना त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरायचं. तसा उन्हाळा तिला पुन्हा मिळाला नाही, आणि मिळावा म्हणून तिने काहीही केलं असतं.

मग एक दिवस मामा बुडालेल्या जुन्या मालवाहू बोटीपाशी उतरला आणि वर आला. झालं ते एवढंच. सिलिंडरमध्ये हवा शिल्लक होती, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने पोशाख काढून खुंटीला टांगला आणि पुन्हा कधी अंगात चढवला नाही. शीळ गेली, थट्टा गेली, अंगठी कुठे गेली तेही त्याला सांगता येईना. डॉक्टर झाले, हवापालट झाला, शेवटी सगळ्यांनी हात टेकले. तेव्हापासून तो सिलिंडर भरून द्यायचा, जेटीवर खुर्ची टाकून बसायचा, आणि उतरलेला शेवटचा माणूस वर येईपर्यंत पाण्यावरची नजर हलवायचा नाही. "वर आला तो माझा भाऊ नव्हेच," असं आई एकदा बोलून गेली आणि तिने स्वतःच जीभ चावली.

"कुठे जायचं ते ठरवण्याआधी एकदा आमच्याबरोबर उतरून बघ," असा शेडमधल्या मुख्य शिक्षिकेचा निरोप आला. त्यांना सगळे बाई म्हणत. म्हणून ती सकाळी जेटीवर पोचली. रबराचा वास, कॉम्प्रेसरची घरघर, मास्क बुचकळायचं गोड्या पाण्याचं पिंप, सगळं जागच्या जागी होतं. तिला भरून आलं. मामा नाकावरचा चष्मा सावरत खुर्चीतून उठला. त्याने तिच्या पाठीवर सिलिंडर नीट बसवलं, एकेक पट्टा ओढून पाहिला, हवा सुरू आहे ना ते पुन्हा तपासलं.

"इथे राहू नकोस," तो हळूच म्हणाला. "मोठ्या केंद्रात जा."

"का?"

"तिथल्या तलावाचा तळ दिसतो."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांनी यावं आणि असं स्वागत व्हावं. "पूर्वीचा तू असतास ना मामा, तर मला जाऊच दिलं नसतंस."

"खरंय," मामा म्हणाला. "त्याने जाऊ दिलं नसतं."

उतरण्याआधी बाईंनी पर्यटकांना वर्षानुवर्षांची तीच सूचना दिली. "पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे शाबासकी नव्हे. त्याचा अर्थ, मला वर जायचंय. कुणीही अंगठा दाखवला तरी का म्हणून विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. सोबत्याने त्याला घेऊन वर यायचं." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तू सगळ्यात मागे. तुझ्या मागे कुणी राहता कामा नये."

पाणी स्वच्छ होतं. पुढे बाई, मध्ये पर्यटकांच्या जोड्या, मागे ती. बोटीचा गंजलेला सांगाडा आला. माशांचा थवा एका खिडकीतून आत शिरला आणि दुसरीतून बाहेर पडला. बाईंनी परत फिरायची खूण केली, तसे एकेक जण जेटीपासून खाली सोडलेला दोर धरून चढू लागले. तिने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने दोराला हात घातला.

टक टक. जरा थांबून टक.

आवाज तिच्याच सिलिंडरवर झाला होता. पाठीच्या कण्याला तो जाणवला. ती गरगर फिरली. मग तिने वर पाहिलं.

डोक्यावर तो तरंगत होता. तोच निळा पोशाख, तोच जुना मास्क. नळी तोंडात होती, पण बुडबुडे येत नव्हते. तिने ते पाहिलं, आणि पाहूनही मनावर घेतलं नाही. तो हसत होता. हसता हसता त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला, निव्वळ आनंद.

तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ठीक आहेस ना?

त्याने अंगठा वर केला.

ती क्षणभर थबकली. मग तिने हात पुढे केला. नियमच होता तसा.

त्याचा हात गार नव्हता, गरमही नव्हता. पाण्याइतकाच होता.

दोघं सावकाश चढले. मध्ये जिथे थांबावं लागतं तिथे थांबले. वरचं पाणी उजळत गेलं. तिने एकदाही जेटीवरच्या माणसाचा विचार केला नाही.

डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा तिची मूठ रिकामी होती.

जेटीवर कुणीतरी शीळ घालत होतं.

"चढ की गं बेडके, पाण्यातच मुक्काम ठोकलास का?" मामा पायरीवर वाकून हात देत होता. त्याने तिला वर घेतलं आणि तिची ओली वेणी ओढली. बाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या, तर त्याने त्यांचीही फिरकी घेतली. मग फोन लावून ओरडला, "ताई, तुझी पोरगी मी ठेवून घेतोय." पलीकडे आई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. भाचीने तिथल्या तिथे मोठ्या केंद्राला नकार कळवून टाकला. इतकं सुख तिच्या मनात मावेना.

दुपारी चहा झाला. मामा खुर्चीत न बसता पायरीवर तिच्या शेजारी टेकला.

"डाव्या कानाला दडे बसतात ना गं तुझ्या?" त्याने सहज विचारलं.

कप तिच्या ओठांशी थांबला. कानाचं दुखणं अलीकडचं होतं. कुणी घेणार नाही या धास्तीने तिने ते आईलाही सांगितलं नव्हतं. सकाळी पट्टे ओढताना मामा तिच्या उजव्या बाजूला येऊन बोलला होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याने. वाटेत भेटला. मी वर येत होतो, तो खाली चालला होता." मामाने चहाचा घोट घेतला. "जाता जाता थांबून सांगत होता, पोरीला सावकाश उतरवा, कान जपा तिचा. फार जीव होता हं त्याचा तुझ्यावर."

पाणी समोर शांत पडलं होतं.

"त्याच्या पाठीवर सिलिंडर होतं?"

"नाही गं," मामा म्हणाला. "डोळ्यांवर चष्मा होता तेवढा."