एकाच्या खाली

कुठलाही मजकूर नेटवर सुटण्याआधी आता त्याचा पसरांक मोजला जाई. पसरांक म्हणजे, वाचणारा तो सरासरी किती जणांना पुढे पाठवील याचा आगाऊ अंदाज. गणित साथीच्या रोगाचंच. एकाच्या वर आकडा गेला की मजकूर पसरत जाणार, खाली राहिला की आपोआप विझणार. अफवांपायी कत्तली झाल्यावर सगळी सरकारं शहाणी झाली आणि जागतिक करार झाला. एकाच्या वरचं सगळं आठवडाभर अडवायचं. खरं काय यावर देशांचं एकमत होईना, म्हणून खऱ्याखोट्याची भानगडच नको असं ठरलं. हे गणित मांडणाऱ्यांत पुण्याची डॉ. शर्वाणी नेवरेकर होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

एका दुपारी कोकणातून रोहिदासमामाचा फोन आला.

"गो शर्वाणी, कारखान्यान खाडयेत कायतरी सोडल्यान. तिसऱ्यो खावन माझा मांजार मेला. उद्या अवस. सुकतीक, पाणी ओसारला की, सगळी बायकामाणसा तिसऱ्यो काढूक उतरतली. आमच्या वाडयेत मिया सांगलंय, पण पलीकडे पाठवलेलो मेसेज अडाकलो."

मामाने इशारा गाऱ्हाण्यासारखा लिहिला होता. देवळात गावावरचं संकट देवापुढे मांडतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसा. पसरांक जवळजवळ पाच.

"मामा, ते म्हाराजा काढा. लेकरांचं वाक्यही काढा."

"मगे रवला काय?"

"माहिती."

तिनेच लिहून दिलं: 'खाडीतील शिंपल्यांच्या सेवनाबाबत सूचना.' आकडा एकाच्या खाली आला, सूचना सुटली. तिला हायसं वाटलं. जे सुटतं ते विझणारंच असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्या दिवशी ते तिच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी मामाचा आवाज बसलेला होता.

"मेसेज पोचलो गो, सगळ्यांका पोचलो. सरकारी कायतरी म्हणान कोणी वाचूक नाय."

पलीकडच्या वाडीत अकरा माणसं गेली होती. खालच्या गावांत तिसऱ्या अजून शिजत होत्या. मामाने गेलेल्यांची नावं घालून नवं गाऱ्हाणं लिहिलं होतं आणि तेही अडकलं होतं.

"तू शिकलेली. आता ह्यातला कोणाचा नाव काढू, सांग."

शर्वाणीला रडू आवरेना. पण खालची गावं वाचायला हवी होती. तिने पसरांकाचं यंत्र उघडलं आणि त्या अकरांतल्या चार वर्षांच्या मुलीचं नाव आधी पुसून पाहिलं. आकडा सगळ्यात जास्त तिथेच उतरणार होता.