अकराव्या बाईला जागा नाही

"चोर सापडलाय ताई. तुम्ही फक्त यंत्र शोधून द्या, दोनच्या आत," अभिमन आबा म्हणाले, आणि कामिनी फिरकेच्या कपाळाला आठी पडली. चोर सापडलाय म्हणणाऱ्यांना माल कधीच सापडलेला नसतो, हा तिचा गुप्तहेरीच्या धंद्यातला अनुभव होता.

जळगाव ते चोपडा रस्त्यातल्या खड्ड्यांनी तिचं डोकं आधीच उठलं होतं. त्यात गाडी चालवणारा तिचा मामेभाऊ हितेंद्र. स्वतःला तो तिचा सहायक म्हणवून घेई आणि वाटभर तर्क लढवत राही.

प्रकरण असं होतं. आबांची संस्था सरकारी अनुदानावर केळीच्या बागांत घड वाहणाऱ्या मजूर बायांना जळालेल्या पाण्याच्या मोटरींचं वायंडिंग शिकवायची. दुपारी तपासणीचे साहेब येणार होते. ते पात्र ठरवतील त्या बायांना प्रमाणपत्र मिळणार आणि जळगावच्या एका वर्कशॉपात कायमचं काम. आणि आज सकाळी भिंतीवरचं हजेरीचं अंगठा-यंत्र गायब!

"ते यंत्र फक्त बायांसाठी. सरांची सही वहीत," आबा म्हणाले. "आणि हजेरी अशी चोख, की दहा बायांत खाडा म्हणून नाही. एका सुलक्षणाचे मधले चार दिवस सोडले तर. आता सगळं पाण्यात! शेडची चावी त्या दहांतल्याच यशोदाबाईकडे होती. साहेब येऊन गेले की तिला पोलिसात देतो."

"दहाच बाया?" कामिनीने विचारलं. शेडमध्ये बाकं पंधरा दिसत होती.

"मंजुरी पंधराची आहे. पण आमचे नवल सर! परवा लताबाई नावाची बाई पाया पडत आली, तर म्हणे जागा नाही. समोर पाच बाकं रिकामी! सर शिकवतात झकास, पण हट्टाला पेटले की ऐकत नाहीत."

यंत्राची जागा दाराच्या मागे होती. दार उघडं असलं की ती भिंत फळीआड जाई. कामिनीने दार लोटलं. चारही स्क्रू काढून खिडकीत नीट ठेवलेले होते. तारांच्या टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. शेजारीच जळक्या तांब्याच्या तारांचं तोंड बांधलेलं पोतं होतं.

"चोर हुशार आहे," हितेंद्र म्हणाला. "शॉक बसू नये म्हणून टेप लावली."

"आणि तांबं तसंच ठेवून गेला. भंगारवाल्याकडे त्या यंत्राला कुत्रं विचारणार नाही."

"म्हणजे वेडा चोर!"

कामिनीने डोकं धरलं.

यशोदाबाई बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. रडून डोळे सुजले होते. "कुलूप मीच लायं ताई. चावी मनाजोडेच व्हती. पन चोरी मी नही करी. बठ्ठ्या बाया हात धुवाले गयात, सर मजार, शेडमा व्हतात. मंग सर निंघनात, मी दार लायं. दारमांगे कोन दखस?"

"अंगठा दाखवा बरं."

केळीच्या चिकाने काळा पडलेला आणि घड वाहून गुळगुळीत झालेला अंगठा त्यांनी पुढे केला. "रेशनवाला तीन येळा पुसाले लावस, तरी यंत्र माले वळखत नही. धान्य ना धुन्य, वाकडंतिकडं बोलनं तेवढं भेटस."

सुलक्षणा तर भांडायलाच आली. "मी चारी दिन अठेच व्हतू! माले गैरहजर कसं दखाडं? सरले इचारं, तं सर म्हने, यंत्रना घोळ शे, मी दखसू."

"कोणते दिवस?"

"सरनं बोट कापायनं ना, पट्टी व्हती, तेच दिन."

शेवटी नवल सर. पस्तिशीचा, बारीक अंगाचा, शब्द मोजून बोलणारा माणूस. डाव्या अनामिकेवर आडवा ताजा व्रण होता.

"चोरी कोणी केली असेल?"

"माहीत नाही," सर म्हणाले. ओट्याकडे मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही.

एवढ्यात साहेबांची गाडी आली, तीही वेळेआधी. सरकारी गाडी वेळेआधी आली की समजावं, आज कोणाची धडगत नाही. आबा पुढे धावले आणि भडाभडा सगळं सांगून मोकळे झाले. वर यशोदाबाईंकडे बोटही दाखवलं.

"थांबा आबा, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका," कामिनी म्हणाली. तिने पोत्याची गाठ सोडली, जळक्या तारा उपसल्या आणि तळातून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हितेंद्रने आ वासला.

"ज्याला यंत्र परत बसवायचंय तोच स्क्रू जपतो आणि तारांना टेप लावतो. म्हणजे ते लांब गेलंच नव्हतं. ते निघालं काल संध्याकाळी, बाया हात धुवायला गेल्या तेव्हा, आणि त्या वेळी आत एकच माणूस होता. दाराआडची रिकामी भिंत कुलूप लावणारीला दिसणं शक्य नव्हतं."

"नवल सर?" आबा ओरडले. "पण का?"

"साहेब आज बायांना यंत्रावर अंगठा ठेवायला सांगणार होते. एकीचाही उमटला नसता. जो अंगठा रेशनच्या दुकानात उमटत नाही, तो इथे रोज बिनचूक कसा उमटायचा? सरांचं बोट कापलं आणि तेवढेच दिवस सुलक्षणाची हजेरी बुडाली. कारण यंत्रात सुलक्षणाच्या नावावर सरांचं तेच बोट नोंदलेलं होतं. एकेका बोटावर एकेक बाई, आबा. अकराव्या बाईला बाक होतं. बोट नव्हतं."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले आणि लगेच बाहेर काढले.

"बाया रोज येत होत्या," ते म्हणाले. "तीनदा वर कळवलं, अंगठे उमटत नाहीत. उत्तर आलं, हात साबणाने स्वच्छ धुवावेत! चीक साबणाने जातो का साहेब? उंटावरून शेळ्या हाकतात नुसत्या! तपासणी झाली की यंत्र परत लावणार होतो."

"आणि यशोदाबाईंना पोलिसात नेलं असतं तर?" कामिनीचा आवाज चढला. "दहा जणींसाठी खोटं बोललात ते मी समजू शकते. पण एकीवर आळ आला तेव्हा तुमची वाचा बसली. त्याची मला चीड येते, सर."

नवल सरांची मान खाली गेली. ते ओट्यापाशी गेले आणि यशोदाबाईंच्या पायाशी वाकले. यशोदाबाईंनी पाय मागे घेतले.

साहेब बराच वेळ नियमांची पुस्तिका चाळत होते. मग वैतागून त्यांनी ती मिटली. "हजेरी खोटी. ह्या सरांना मी ठेवू शकत नाही, आणि अनुदानाचं वर विचारावं लागेल. पण प्रमाणपत्र परीक्षेवर आहे. एक जळकी मोटर तार भरून चालवून दाखवा."

दहा जणी टेबलाभोवती जमल्या. कोणी कागद कापला, कोणी तार ओवली. ऊन उतरायला लागलं तेव्हा मोटर घरघरली आणि टाकीत पाण्याची धार पडली. टाळी मात्र कोणी वाजवली नाही, कारण नवल सर आपली पिशवी भरत होते.

साहेबांनी प्रमाणपत्रं टेबलावर मांडली आणि सवयीने शाईची डबी उघडून पुढे सरकवली. "घ्या बाई, इथे अंगठा."

यशोदाबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"अंगठा उमटता, तं सरनी नोकरी गयी नसती साहेब," त्या म्हणाल्या. "पेन द्या."

साहेबांनी खिशातलं पेन काढून दिलं. यशोदाबाईंनी पदराने हात पुसला, नाव पूर्ण लिहिलं आणि पेन सुलक्षणाच्या हातात दिलं.