झेंडू खाणारी गाडी

"कोणी इस्वास नाई ठेवणार, पण मागच्या मे महिन्यात ह्या गाडीत मी घोंगडी पांघरून बसलो होतो!" नागोराव आबाजींनी गाडीच्या टपावर थाप मारली. "बाहेर चिमण्या उन्हानं टपाटपा पडून राह्यल्या, अन् आत माझे दात कडाकडा वाजून राह्यले! वाजून वाजून एक पडला. हा पहा!"

शेजाऱ्यांनी वाकून आबाजींच्या तोंडातली खिंड पाहिली. तो दात उसाच्या कांड्यात अडकून पडला होता, हे त्यांच्या नातीला, रुखीला, ठाऊक होतं. पण आबाजींची गोष्ट मध्येच तोडायची नाही, हा घरचा कायदा! आजवर तो कुणी मोडला नव्हता.

"लाव रे अमृता, दाखव ह्या लोकायले!"

अमृतकाकाने चावी फिरवली आणि हवेचं बटण थेट चारवर नेलं. 'घुंऽऽ' असा कण्हल्यासारखा आवाज आला. मग 'फट्'! मग काहीच नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही!

शेजारी खो खो हसत पांगले. काकाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

तसंच कारण होतं. कालच्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते. जुन्या कचेरीतली दफ्तरं आता नव्या कचेऱ्यांत पोचवायची होती. त्यासाठी एका म्याडमला तीन महिने गाडी हवी होती, आणि गुडीहत्नूरच्या अमृतरावांची गाडी त्यांनी पसंत केली होती. आज दुपारी चारला त्या गाडी पाहायला येणार होत्या. अट एकच: एसी चालू पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्याला! काकाची जुनी गाडी सहा महिने नुसती दारात उभी होती. हे काम गेलं, तर ती विकावीच लागणार होती.

"कोणी हात लावला होता?" काका कडाडला. "रुखे! काल बटणं तूच फिरवून राह्यली होती ना?"

"मी नुसती पुसत होते, काका!"

"पुसत होती म्हणे! बुडवलं मले ह्या पोट्टीनं!"

रुखीच्या कानशिलात रक्त चढलं. अख्खी गाडी तिने एकटीने धुतली होती. पूजेसाठी चाकांवर हळदीकुंकवाची बोटं तिनेच ओढली होती. आणि बक्षीस हे? तिने आबाजींकडे पाहिलं. ते आभाळातल्या घारी मोजत होते.

लक्ष्मणराव मिस्त्री आले, ते तोंडात पान घेऊनच. त्यांनी फ्यूजची डबी उघडली आणि जळका फ्यूज नखाने उडवून फेकला. मग खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा काढून त्या जागी ठोसला. "आता पहा!"

पुन्हा 'घुंऽऽ'. जाळीतून खोकल्यासारखी एकच फुंकर आली. मग जळक्या प्लास्टिकचा वास सुटला! रुखीने झेप घेऊन चावी बंद केली.

"गॅस गेला. कंप्रेसर बी बसला," मिस्त्रींनी पिचकारी टाकली. "आदिलाबादला न्या. चार दिवस लागतील."

"मिस्त्रीकाका, पण गॅस तर थंडीसाठी असते ना?" रुखी म्हणाली. "इथं गरमवर ठेवलं तरी हवा येऊन नाई राह्यली!"

"तू मिस्त्री का मी मिस्त्री? जा, पुरणपोळी लाट!"

मिस्त्री चहाला निघून गेले. काकाही दुसऱ्याची गाडी उसनी मागायला आदिलाबादच्या बसमध्ये बसला. जाताना रुखीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"पुरणपोळी लाट म्हणे!" रुखीने पाय आपटला. "आपण पोळ्या लाटायच्या, आणि त्यांनी तारा ठोसून गाड्या जाळायच्या! न पाहता माझं नाव घेतलं!"

"मग पाहू या ना," सोनी म्हणाली. सोनी ही तिची मामेबहीण, वांकिडीहून सुट्टीला आलेली. वांकिडी कालपासून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं.

"तू काऊन मध्ये पडतेस?" रुखीचा नऊ वर्षांचा भाऊ बाबू म्हणाला. "तू आता परक्या जिल्ह्याची!"

"परक्या जिल्ह्याच्या चिवड्याचे दोन वाडगे तूच खाल्लेस सकाळी! आण पेचकस!"

बाबू उठला, तसं त्याच्या मांडीवरून काहीतरी खाली पडलं. झेंडूची पाकळी! चुरगळलेली, पिवळी.

"ही कुठून आली?"

"त्या जाळीतून! गाडी खोकली ना, तेव्हा उडाली."

रुखी आणि सोनी एकमेकींकडे पाहतच राहिल्या. गाडी झेंडू खाते?

"थांबा," रुखी म्हणाली. "फ्यूज उगाच जळत नाही. पंखा फिरायला पाहतो, फिरता येत नाही, मग जास्त वीज ओढतो. म्हणजे आत कोणीतरी त्याचा हात धरून ठेवलाय!"

तिने आधी बॅटरीची पट्टी सोडवली. तेवढं काकाला करताना तिने शंभरदा पाहिलं होतं. मिस्त्रींची तार सांडशीने उपसून तिने ओढणीच्या टोकाला बांधली. सोनीने डाव्या सीटपुढचा कागदपत्रांचा खण काढला. त्याच्या मागे, खालच्या अंगाला, तीन स्क्रू दिसले. दोन मुकाट निघाले. तिसरा जागचा हलेना! बाबूने जीभ बाहेर काढून जोर लावला, तेव्हा तो कुरकुरत सुटला आणि पंख्याची मोटर रुखीच्या ओंजळीत आली.

"अगं बाई!"

मोटरीवर डब्याएवढं, पट्ट्यापट्ट्यांचं गोल चाक होतं. त्या चाकाला अख्खी दसऱ्याची पूजा लागली होती! झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, शमीचा पाला. आणि आसाभोवती करकचून गुंडाळलेला हाराचा दोरा.

"बाहेर, पुढच्या काचेखालची जाळी पहा!" सोनी ओरडली. "इथं एक पट्टी तुटलीय. बाहेरची हवा इथूनच आत जाते. कोणीतरी हाराचं टोक इथं खोचलं, अन् पंख्यानं ओढून घेतलं!"

"साधा दोरा असता तर केव्हाच तुटला असता," बाबू म्हणाला.

दोरा साधा नव्हता. रुखीने तो कापून काढला, कुंकू झटकलं, आणि उजेडात धरला. लाल, जाड, सुती. तिने ओट्याकडे पाहिलं. आबाजी खाटेवर डोळे मिटून पडले होते. झोपलेला माणूस पाय हलवत नाही. आबाजींचा अंगठा मात्र सारखा हलत होता.

"आबाजी, गाडीले हार कोणी बांधला होता?"

"घुर्रर्र..." आबाजी घोरले.

रुखीने लाल तुकडा मुठीत मिटून घेतला. सकाळी काका आपल्यावर ओरडला, तेव्हा हे घारी मोजत होते! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घड्याळात तीन वाजून गेले होते. रडायला वेळ कुणाला होता?

बाबूने ब्रशने चाक झाडलं. रुखीने बोटाने फिरवलं, तर ते भिंगरीसारखं गरगरलं! मोटर जागेवर बसली, स्क्रू आवळले. तारेच्या जागी काय घालायचं? सोनीने डबीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला जादा फ्यूज जपून ठेवलेला होता, आणि पंख्याच्या चित्रापुढे आकडाही छापलेला होता.

"तीसचा पायजे. हा तीसचाच आहे! मिस्त्रीनं झाकणसुद्धा वाचलं नाही!"

बॅटरी जोडली. चावी फिरवली. एकवर झुळूक. दोनवर वारा. तीनवर बाबूचे केस उभे! चारवर उरलेल्या पाकळ्या भस्सकन उडून तिघांच्या तोंडावर आल्या.

"जमलंऽऽ!"

बरोबर चारला कचेरीची जीप दारात थांबली. म्याडम उतरल्या. मागच्या सीटवर दफ्तरांचे गठ्ठे रचलेले होते. त्याच वेळी बसथांब्याकडून काका हात हलवत, रिकामाच आला. आणि गर्दी पाहून लक्ष्मणराव मिस्त्रीही पान चघळत पोचले.

म्याडम गाडीत बसल्या, बटण फिरवलं, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम वाळत गेला. "बहुत अच्छा!"

"सकाळी तर बंद होता!" बाबू बोलून गेला.

"तो किसने ठीक किया?" म्याडमनी विचारलं.

"मीच," मिस्त्री पुढे सरसावले. "सकाळीच नवा फ्यूज..."

"हा घ्या तुमचा नवा फ्यूज!" रुखीने ओढणीची गाठ सोडून काळी पडलेली तार त्यांच्या तळहातावर ठेवली. "दोन मिनिटं अजून राहिला असता, तर गाडीची होळी झाली असती! अन् गॅसले काई झालं नव्हतं. पंखा अडकला होता. तुमी वाकून तरी पाहिलं का?"

मिस्त्री तार खिशात घालून गर्दीमागे सरकले. सोनीने म्याडमना सुपात गोळा केलेल्या पाकळ्या दाखवल्या, बाबूने तिसऱ्या स्क्रूची शौर्यकथा सांगितली. म्याडमनी सगळं ऐकलं आणि रुखीची पाठ थोपटली. "अमृतराव, उद्यापासून हीच गाडी. और ये लडकी आपकी असली मिस्त्री है!"

काका रुखीपुढे आला. "रुखे... मी न पाहता बोललो. चुकलं माझं."

रुखी हसली. पण मूठ तिने उघडली नाही.

"पर हार अंदर गया कैसे?" म्याडमनी विचारलं.

हा प्रश्न ऐकताच आबाजी खाटेवरून टुणकन उठले. "म्याडम, कोणी इस्वास नाई ठेवणार! काल माझ्या डोळ्यांदेखत एक वानर आलं. हे एवढं, म्हशीएवढं! त्यानं बी दसरा करायचं ठरवलं. झेंडू तोडले, हार गुंफला, गाडीले घातला, अन् टोक पक्कं जाळीत खोचलं. मग माझ्या पाया पडलं, हातावर सोनं ठेवलं, अन्..."

सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. रुखीने जीपमधल्या दफ्तरांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग आबाजींच्या चष्म्याकडे पाहिलं. मोडक्या काडीऐवजी तो कानामागे लाल नाड्याने बांधलेला होता. चाळीस वर्षं कचेरीत चपराशी होते आबाजी. शेळीपासून मच्छरदाणीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू ते त्याच नाड्याने बांधत.

घरचा कायदा तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. मूठ उघडून तिने हात सगळ्यांपुढे धरला.

"खोटं, आबाजी! वानराजवळ दफ्तराचा लाल नाडा कुठून आला?"