खाणवळणावरचं दीड मिनिट

कणकेच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगर फिरत, आवाज बारीक करत करत एकदाचं थांबलं.

सकाळपासून शांत असलेलं घर जागं झालं. वल्लरीने ओट्यावरच्या संगणकावरून मान वळवली. कांजिण्यांनी आठवडाभर घरी अडकलेली तिची सहा वर्षांची लेक चिमी उठून थेट स्वयंपाकघरात आली होती. तिने झाकण उचललं, दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखं धरलं आणि बस घेऊन बाहेरच्या खोलीकडे निघाली. सव्वाअकरा वाजले होते. चिमीच्या झोपेच्या जिवावर चाललेलं वल्लरीचं कार्यालय आता फार वेळ टिकणार नव्हतं.

नगरनकाशातल्या बसच्या वेळा दुरुस्त करणं हे तिचं काम. शहरातल्या बसना आता चालक नव्हते. नकाशात वेळ ठरवून दिली असेल तिथे बस तीच पाळे, नसेल तिथे शिकवलेल्या सवयीने चाले. त्यामुळे नकाशात एक आकडा बदलला की रस्त्यावरची बस बदलायची. गेले दोन दिवस तक्रार होती ती चौदा नंबरच्या बसची. दुपारी खाणवळणाच्या थांब्यावर लोक उतरून गेले तरी ती दारं लावून, जराशी तिरकी, दीड मिनिट तशीच उभी राहायची, आणि पुढच्या सगळ्या थांब्यांच्या वेळा चुकायच्या. चढणारं कुणी नाही, सिग्नल नाही. वल्लरीने सकाळी ती रिकामी थांबवेळ काढून टाकली होती. बारा वाजता नवं वेळापत्रक बसमध्ये उतरणार होतं.

तक्रार बंद करण्याआधी, सवयीने, तिने वर्षभराच्या नोंदी उघडल्या, आणि तिचा हात थबकला. रविवारी बस थांबत नव्हती. दिवाळीत थांबत नव्हती. अख्खा मे महिना थांबली नव्हती. बिघाड काही सुट्ट्या घेत नाही.

तिने हिरेमठ सरांना फोन लावला. बसना चालायला शिकवणाऱ्या गटाचे ते प्रमुख.

"अगं, आम्ही त्यांना नियम शिकवलेच नाहीत," ते म्हणाले. "जुने चालक जशी गाडी हाकत होते, त्याची तीन वर्षं नक्कल करायला शिकवलं. कुठे हळू, कुठे कडेला, कुठे थोडं थांबायचं."

"का थांबायचं, ते?"

"ते नोंदीत कुठून येणार? नोंदीत फक्त कृती येते. कारण चालकाच्या डोक्यात असतं, आणि चालक आपण घरी पाठवले." मग ते म्हणाले, "चौदा नंबरवर तडवी होते. आता रोपवाटिका चालवतात. नंबर देतो."

तडवीकाकांना पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मोगऱ्याची कलमं मागतंय. खाणवळण म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. तिथे समोर कर्णबधिर मुलांची दुपारची शाळा. पोरं बाराचाळीसच्या बसमधून उतरतात आणि रस्ता ओलांडतात. वळणाआडून खाणीचे ट्रक उतारावरून सुटलेले येतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही, पोरांना ऐकू येत नाही.

"म्हणून मी गाडी जरा आडवी लावायचो, ताई. शेवटचं पोर फाटकात शिरलं की काढायचो. दीड मिनिट लागतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण दिसतंय तर काय करणार?" मग त्यांनी विचारलं, "ती यंत्राची गाडी अजून थांबते ना?"

वल्लरीने हो म्हटलं आणि फोन ठेवला. अकरा चाळीस.

थांबवेळ परत घालायला तिने वेळशोधक उघडला. वेळा मंजूर करणारी ही आज्ञावली, एकदा काढलेली वेळ असली तरी, कारणाशिवाय एक सेकंदही परत देत नसे. यादीत तीनच कारणं होती: सिग्नल, बिघाड, चढणारा नियमित प्रवासी. सुरक्षा विभागाची पाहणी मागवता येत होती, तिला तीन आठवडे लागणार होते. तिने ती मागवली. हिरेमठ सरांना पुन्हा फोन केला. वेळापत्रक थांबवण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता, ज्यांना होता ते बैठकीत होते. "एखादा प्रवासी असता तर…" सर म्हणाले आणि वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

बाहेर चिमी सोफ्यावरच्या बाहुल्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणून दटावत होती.

शहरातल्या प्रत्येकाची एक प्रवासखूण होती, प्रवासाच्या नोंदीत येणारा स्वतःचा आकडा, तान्ह्या बाळाचीसुद्धा. बाराचाळीसला दुसरीकडे कुठेच नोंद होणार नाही अशी एकच खूण वल्लरीला पाठ होती, चिमीची. तिची शाळा सकाळची, ती बरी झाली तरी त्या वेळी घरीच असणार. अकरा छप्पन्नला वल्लरीने ती खूण घातली आणि लिहिलं: खाणवळण, रोज, एक प्रवासी, वय सहा, चढायला वेळ लागतो. उतरण्याचा रकाना तिने कोरा ठेवला. त्याचं पुढे बघता येईल.

वेळशोधकाने मान्य केलं.

बारा चाळीसला ती पडद्यावरच्या चौदा नंबरच्या ठिपक्याकडे बघत बसली. ठिपका खाणवळणाला आला. थांबला. ऐंशी, एक्याऐंशी… नव्वदला हलला.

तीन आठवड्यांनी पाहणीचं उत्तर आलं. दोन ओळींचं. सदर थांब्यावर नियमित बालप्रवासी चढत असल्याने थांबवेळ योग्य आहे. धोका आढळत नाही. प्रकरण बंद.

तिने उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी खाणवळणाला गेलंच नव्हतं. त्यांनी नोंद पाहिली होती, आणि नोंद तिनेच केली होती. आता खरं सांगितलं तर खोटा प्रवासी त्याच क्षणी गळणार, त्याच्याबरोबर दीड मिनिटही, आणि नवी पाहणी पुन्हा तीन आठवड्यांनी. मधले तीन आठवडे ती पोरं बसमधून उतरणार होती. नाही सांगितलं, तर चिमी रोज त्या बसमध्ये चढत राहणार होती.

"आई, इकडे ये."

चिमी भिंतीवरच्या घरनकाशासमोर उभी होती. घरातलं कोण कुठे आहे ते प्रवासखुणांच्या नोंदींवरून त्यावर दिसायचं. कांजिण्यांचे डाग आता फिकट झाले होते. बाबांचा निळा ठिपका कारखान्यात, आईचा हिरवा घरात. चिमीचा पिवळा ठिपका चौदा नंबरच्या बसमध्ये होता, शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि सरकत होता.

"ही मी आहे ना?"

वल्लरीने तिला जवळ ओढलं. केसांना तेलाचा वास येत होता. ती इथे होती, हातांत होती. पण उद्या ती खरोखर कुठे दिसेनाशी झाली आणि कुणी शोधायला निघालं, तर सगळं शहर आधी त्या बसकडे धावेल.

"हो गं, खेळातली," ती म्हणाली.

चिमीने ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तो जाईल तसं ते सरकवत राहिली. एक थांबा गेला, दुसरा गेला. ठिपका कुठेच उतरेना.

"आई, मग ती घरी कधी येणार?"