फिनिता बातिल

विनिता पाटीलचा बारावीचा दाखला दुसऱ्याच एका पाटलाने पळवला, आणि तोही तिच्या डोळ्यांदेखत.

शारजात, अल मजाजच्या एका टायपिंग सेंटरमध्ये वलीभाई लोकांचे अर्ज अरबीत टाईप करून देत. ऑगस्टचा महिना होता. तिची दाखल्याची फाईल आपली समजून तो पोरगा एसीतून बाहेर पडला, दमट हवेने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली आणि स्वारी थेट खांबावर आदळली.

"ओ हॅलो... ती माझी फाईल आहे," विनिता मागून धावली.

त्याने चष्मा शर्टाला पुसला. फाईलवरची अरबी अक्षरं जुळवत म्हणाला, "फि-नि-ता बा-तिल... हे तुम्ही?"

"विनिता पाटील. अरबीत 'व्ही' नाही, 'पी' नाही. नावाची पार वाट लागते."

"मग मी फिगनेश बातिल," तो हसला. "विघ्नेश. कराडचे पाटील. तुम्ही?"

"अलिबागचे."

"हुश्श... म्हणजे नात्यातले नाही."

त्या 'हुश्श'चा अर्थ तिला घरी गेल्यावर लागला, आणि ती उशीत तोंड खुपसून हसत सुटली.

दोघांचेही अर्ज तिथल्याच एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीसाठी होते. आधी प्री-मेडिकलचं वर्ष, मग डॉक्टरकी. घरापासून वीस मिनिटं, आईच्या हातचं जेवण. विनिताचे बाबा खूश होते. पण तिचा जीव अडकला होता मिरजेच्या सरकारी कॉलेजात. तिथली यादी अजून लागायची होती.

चार दिवसांत दोघांचेही अर्ज परत आले. वलीभाईंनी डोक्याला हात लावला. अरबीत 'त' दोन; 'पाटील' लिहिताना त्यांनी भलताच 'त' लावला होता, आणि तसल्या 'बातिल'चा अरबीत अर्थ होतो रद्द.

"क्या करूँ बेटा, दो-दो बातिल एक साथ आ गये," वलीभाई म्हणाले. "बुधवार को ले जाना. नया बना दूँगा."

बुधवारपर्यंत दोघं रोज 'अर्ज झाला का' विचारायला येत राहिली. अर्ज सोमवारीच तयार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. सेंटरमधल्या बाकावर बसून चहा, गप्पा आणि चिडवाचिडवी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवारी मिरजेहून काकांचा फोन आला. यादीत नाव होतं.

बुधवारी तिचा चेहरा बघून विघ्नेशने विचारलं, "लागलं ना नाव?"

"लागलं." तिने चहाचा कप उगीचच फिरवला. "तिथे वॉर्ड भरलेले असतात म्हणे. खूप पेशंट बघायला मिळतात. मला तेच हवंय रे. पण..."

"पण काय?"

"पण तिथे तू नाहीस."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. विघ्नेश चष्मा काढून पुसत बसला. इथे तर वाफही नव्हती.

"माझ्यासाठी थांबलीस ना," तो हळूच म्हणाला, "तर तुझ्याशी बोलणार नाही. जा तू. मी सुट्टीत कराडला येतो. तिथून मिरज काय, दोन तास."

"आणि डॉक्टर झाल्यावर?"

"मग सोपंच आहे. तुला आडनावसुद्धा बदलायला नको."

विनिताला क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा हसू आवरेना, डोळेही भरून आले.

"इन्शाल्ला?" तिने विचारलं. शारजात ज्याला नाही म्हणायचं असतं, तोही इन्शाल्लाच म्हणतो.

"इन्शाल्ला-बिन्शाल्ला काही नाही. नक्की."

वलीभाईंनी दोन्ही प्रती पुढे केल्या, दुरुस्त केलेली आणि जुनी. "कौनसी दूँ, बेटा?"

विनिताने जुनी घेतली, जपून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. तिचा इथला अर्ज खरोखरच रद्द झाला होता, आणि वलीभाईंचा तो भलताच 'त' आता अगदी बरोबर होता.