बावखलाकाठचे रविवार

हिरवंगार गवत दिसलं म्हणून सेल्फीसाठी मी त्यावर पाय ठेवला, आणि थेट कमरेपर्यंत पाण्यात गेले!

"ते गवत नाही," माझं मनगट धरत कुणीतरी शांतपणे म्हणालं. "बावखल आहे."

आता माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या या रोवेनाला शेवाळाखालचं तळं कसं ओळखू यावं? त्यात कॉलेजच्या एनएसएसबरोबर होळी नावाच्या गावात आम्ही तेच साफ करायला आलो होतो. हात धरणारा ऑस्टिन आमच्याच कॉलेजचा, बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला, आणि घर बावखलाशेजारच्याच वाडीत. त्याचे डोळे हसत होते, ओठ मात्र अगदी सभ्य. मला राग यायला हवा होता... आला नाही.

'नेतृत्व म्हणजे काय' या भाषणाला मला नुकताच कप मिळाला होता. मग काय, ओल्या कपड्यांतच मी हुकूम सोडायला लागले. तू इकडे, तू तिकडे, शेवाळ काढलं की लगेच टेम्पोत भरा. ऑस्टिन मात्र पाण्यात उतरला, शेवाळाचा एक भारा काढला आणि काठालगतच ठेवला. थोड्या वेळानं त्यातून बोटाएवढे मासे, खेकड्यांची पिल्लं सुळसुळत परत पाण्यात जायला लागली. हळूहळू सगळी मुलं तसंच करायला लागली. ना हुकूम, ना भाषण... मी आ वासून बघत राहिले.

दुपारी शेवाळाखालचं पाणी उघडं पडलं. त्यात आख्खं आभाळ होतं, माडांसकट. अंगावर काटा आला माझ्या. आजवर मी दुसऱ्यांनी दिलेल्या विषयांवरच बोलत आले होते, माझा म्हणावा असा विषय मला तिथे सापडला.

मग दर रविवारी मी होळीत. एकदा अबोल ऑस्टिनला विचारलं, "तू बोलायचे पैसे घेतोस का रे?"

"तू एवढं बोलतेस," तो म्हणाला, "ऐकायला कुणीतरी हवं ना."

पुढे कळलं, बावखलाची मालकी असलेली घरं ते बुजवून पार्किंग करणार होती. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात निर्णय होणार होता. लोकांसमोर ऑस्टिनची जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून त्यानं मला बोलायला सांगितलं. मी जीव ओतून बोलले. टाळ्याही पडल्या. मग ग्रेसीमावशी उठल्या. वाडीत त्यांचा शब्द शेवटचा.

"छान बोललीस गं पोरी. पण तुम्ही कॉलेजवाले, परीक्षा झाली की जाल. दरवर्षी हे साफ कोण करणार?"

सगळं हातचं जातंय असं वाटत असतानाच मागे खुर्ची सरकली.

"आम्ही दोघं," ऑस्टिन म्हणाला. कान लालबुंद, पण आवाज स्पष्ट. "दरवर्षी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"मग राहू दे बावखल," मावशी म्हणाल्या, आणि बाकीच्या घरांनीही माना हलवल्या.

ऑस्टिन माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "आधी तुला विचारायला हवं होतं."

"मग आता विचार ना."

आणि त्यानं विचारलं, तिथंच, सगळ्यांसमोर, "आयुष्यभर राहशील माझ्याबरोबर?"